एक्याण्णव किलो

आमच्या गाडीत काय काय आहे आणि ते किती किलोचं आहे, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. तपासायचं टेबल त्रेचाळीस. औषधांचा फ्रीज बत्तीस. ऑक्सिजनची दोन नळकांडी, प्रत्येकी चौदा. रक्त तपासायचं यंत्र एकवीस, आणि त्याच्याखाली मी स्वतः बसवलेले रबराचे चार ठोकळे, ते दीड. डॉक्टरीणबाई बावन्न. सिस्टरने तिचं वजन मला कधी सांगितलेलं नाही, पण एकोणीस वर्षं ही गाडी चालवतोय. ती पायरीवर चढली की मागचा पाटा किती दबतो ते मला कळतं. तो आकडा मी कागदावर मांडतो आणि कागद तिला दाखवत नाही. मी स्वतः एक्याऐंशी.

लोकांना वाटतं, फिरता दवाखाना म्हणजे एक डॉक्टर आणि चार गोळ्या. गाडी कुणाच्या खिजगणतीतही नसते. अहो, डांबर संपलं की पुढचे साठ किलोमीटर नुसते खड्डे आहेत. एक खण उघडा राहिला तर पोचेपर्यंत अर्ध्या बाटल्यांचा चुरा होतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक खणाला खटका आहे, प्रत्येक यंत्राला पट्टा आहे, आणि निघण्याआधी मी एकेक खटका बोटाने दाबून बघतो. सिस्टर बर्फाच्या पिशव्या फ्रीजरमधून काढून टेबलावर मांडते आणि त्यांना घाम फुटेपर्यंत थांबते, कारण कोरडा ठणठणीत बर्फ लशीच्या डब्यात घातला तर लसच गोठते आणि फुकट जाते. तिथे पोचल्यावर चार कोपऱ्यांना चार जॅक लावून मी गाडी पाणसळीत आणतो. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय कुणाला आत चढू देत नाही. रक्ताचं यंत्र तिरकं उभं राहिलं तर भलतेच आकडे दाखवतं आणि धडधाकट माणसाच्या मागे नसता आजार लागतो. सिस्टर मला यावरून चिडवते, म्हणते की दादांना माणसं दिसत नाहीत, बुडबुडा दिसतो. यात तथ्य होतं हे मला फार उशिरा कळलं.

फेरी दर दोन आठवड्यांनी. मंगळवारी निघायचं, तीन थांबे घ्यायचे, तिसऱ्या थांब्याच्या शाळेत मुक्काम करायचा आणि बुधवारी सकाळी लोखंडी पूल ओलांडून चौथ्या थांब्यावर जायचं. त्या पुलावर पाटी आहे, साडेसात टनांहून जास्त वजन नको. ही पाटी म्हणजे आमच्या दवाखान्याची खरी मालकीण. कोणतं यंत्र घ्यायचं नि कोणतं नाही, हे डॉक्टर ठरवत नाहीत, साहेब ठरवत नाहीत, ती गंजलेली पाटी ठरवते. डेपोतल्या वजनकाट्यावर गाडी चढवून चिठ्ठी घेतल्याशिवाय मी फाटकाबाहेर पडत नाही.

चौथा थांबा म्हणजे उघडं माळरान आणि एक बंद पडलेलं टपाल कार्यालय. घर एकही दिसत नाही. माणसं डोंगराच्या पलीकडून, ओढ्याच्या खालून, कुठून कुठून चालत येतात. एकेकट्याने राहणारी माणसं ती. कुणी मेंढरं राखतो, कुणी पाण्याच्या बंधाऱ्यावर पहाऱ्याला आहे, कुणाची मुलं शहरात गेली आणि म्हातारी मागे राहिली. दोन आठवड्यांत त्यांची एकमेकांशी गाठ पडायची ती आमच्या गाडीपाशीच. गाडीच्या अंगाला मी पाइपांवर ताडपत्री ताणायचो, खाली घडीच्या आठ खुर्च्या मांडायचो आणि पिण्याच्या पाण्याचा पिंप ठेवायचो. माणसं नंबर येईपर्यंत बसायची आणि नंबर होऊन गेल्यावरही बसायची. आतून डॉक्टरीणबाई कितीदा तरी ओरडायच्या की छाती ऐकू येत नाही, जरा हळू बोला.

शिवणवाली मला तिथेच भेटली, दोन वर्षांपूर्वी. पहिल्याच दिवशी ताडपत्रीचा एक कोपरा उसवलेला पाहून तिने मला न विचारता पिशवीतून सुई काढली आणि शिवायला बसली. मी म्हटलं, ही सरकारी ताडपत्री आहे. ती म्हणाली, मग सरकारी दोरा द्या. साठीच्या आतबाहेरची बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं असं की समोरच्याने उत्तर शोधत राहावं. ब्लडप्रेशरसाठी यायची. तिला मी शिवणवाली म्हणायचो, ती मला गाडीवाले म्हणायची, आणि दोघांचं त्यावर भागत होतं.

मी वजनं ओळखतो हे कळल्यावर तिने एकदा मला आव्हान दिलं, सांगा मी किती. मी तिला नीट न्याहाळलं. मग लक्षात आलं की बाईमाणसाकडे असं बघतच राहणं बरं नव्हे, आणि पटकन छप्पन्न म्हणून मोकळा झालो. ती तडक आत गेली, काट्यावर उभी राहिली, आणि बाहेर येऊन म्हणाली की छप्पन्न आणि वर चारशे ग्रॅम, ते चारशे ग्रॅम पिशवीतल्या कात्रीचे. त्यानंतर प्रत्येक फेरीला तिची खुर्ची माझ्या खुर्चीशेजारी लागू लागली. कुणी ठरवलं नव्हतं. ती लोकांची बटणं टाके, सिस्टरचे ॲप्रन दुरुस्त करी, माझ्या सीटचं कव्हर तिने तीन फेऱ्यांत शिवलं, आणि सुई चालू असताना माझी हजेरी घेई. काय जेवता, कुठे राहता, रविवारी काय करता.

रविवारी मी काय करतो याचं उत्तर द्यायला मला जड गेलं होतं. डेपोच्या मागे मला एक खोली आहे. आईच्या आजारपणात माझं लग्नाचं वय निघून गेलं, मग कुणी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. रविवारी अकरा वाजता ताईचा फोन येतो. जेवलास का, गुडघा कसा आहे, गाडी कशी आहे. मी सांगतो जेवलो, बरा आहे, बरी आहे. चार मिनिटांत बोलणं संपतं. मग मी एका माणसाचा कप, एका माणसाची ताटली धुतो आणि सोमवारची वाट बघतो. हे सगळं मी शिवणवालीला सांगितलं नाही. मी म्हटलं, रविवारी आराम. तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाली, माझाही रोज आरामच असतो.

खुर्च्या होत्या त्या शेवटच्या फेरीला तिने मला सांगितलं की तिचा भाचा तिला न्यायला टपलाय. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, एकटी किती दिवस काढणार, माझ्याकडे चल, असं त्याचं चाललं होतं. मुलगा चांगला आहे, म्हणाली, सूनही चांगली आहे. पण तिकडे गेलं की गेलं. हे बोलताना तिची सुई थांबली होती. मला बोलायचं होतं. काय बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं, शब्दसुद्धा तयार होते. तेवढ्यात सिस्टर दारातून डोकावली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "दादा, चौथा थांबा आला की तुम्ही केस विंचरता, हे मी डॉक्टरांना सांगितलंय हं."

सगळे हसले. शिवणवालीसुद्धा हसली, आणि वाईट हसली नाही. पण माझं डोकं फिरलं. छप्पन्न वर्षांच्या माणसाला असं चव्हाट्यावर आणलेलं सोसत नाही. मी शिवणवालीला म्हटलं, "तुमची मर्जी. जायचं तर जा." आणि उठून जॅक सोडायला लागलो. अजून तीन पेशंट आत जायचे होते.

त्याच आठवड्यात एक्स-रेचं यंत्र आलं. इकडून तिकडे नेता येणारं, बॅटरीवर चालणारं, स्टँड आणि फोटो उमटायच्या पाटीसकट चौऱ्याण्णव किलो. शिशाचा ॲप्रन आणि शिशाचा पडदा मिळून सत्तावीस. एकूण एकशे एकवीस. गाडी भरून निघायची तेव्हा सात हजार चारशे सत्तर भरायची, म्हणजे हाताशी होते तीस किलो. साहेबांनी मला बोलावलं आणि विचारलं, एक्याण्णव किलो कुठून काढायचे. दुसरं कुणी सांगू शकणार नाही हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि त्याचा मला माज होता.

मी तिथल्या तिथे कागदावर लिहून दिलं. ताडपत्री आणि पाइप एक्केचाळीस. पाण्याचा पिंप भरलेला, स्टँडसकट सव्वीस. खुर्च्या आठ, प्रत्येकी तीन, चोवीस. बेरीज एक्याण्णव. ना एक कमी ना एक जास्त. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मग लोक बसतील कुठे. मी म्हटलं, बसायचं कशाला? प्रत्येकाला दहा मिनिटांची वेळ द्या, वेळेवर यायचं, दाखवायचं, जायचं. हे काय लग्नाचं कार्यालय आहे? वेळापत्रकही मीच आखून दिलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. सिस्टर मात्र नुसती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला बरं वाटलं की आता हिला कळलं असेल, मला त्या खुर्च्यांचं काही पडलेलं नाही.

खरं सांगायचं तर खुर्च्या काढायच्या म्हणूनच मी तो कागद लिहिला. मोठा जनरेटर बदलून धाकटा घेता आला असता. सुटे भाग अर्धे डेपोत ठेवता आले असते. मी ते मनातसुद्धा येऊ दिलं नाही. पहिला शब्द डोक्यात आला तो खुर्च्या, आणि मग बेरीज त्यांच्याभोवती जुळवत नेली.

पुढच्या फेरीला वजन भरलं बरोब्बर सात हजार पाचशे. वजनकाट्यावरचा माणूस म्हणाला, असा काटा मी आयुष्यात पाहिला नाही. चौथ्या थांब्यावर मी जॅक लावले, बुडबुडा मधोमध आणला. फोनवरून सगळ्यांना वेळा कळवल्या होत्या. साडेदहाला बंधाऱ्यावरचा पहारेकरी आला, दाखवून गेला. गाडीभोवती कुणी नव्हतं. ऊन थेट पत्र्यावर पडत होतं आणि माळावर माझ्याशिवाय काही उभं नव्हतं. शांतता इतकी की आतल्या फ्रीजची घरघर बाहेर ऐकू येत होती. डॉक्टरांना छाती छान ऐकू येत असणार.

दहा चाळीसला शिवणवाली आली. तिने गाडीच्या या अंगाला पाहिलं, मग त्या अंगाला.

"सावली कुठे गेली?"

मी म्हटलं, वजनात बसेना.

"आणि खुर्च्या?"

"त्याही."

ती आत गेली आणि सात मिनिटांत बाहेर आली. तोवर पुढचा नंबरवाला, मेंढरंवाला, खोकत खोकत येऊन पायरीशी उभा राहिला होता. शिवणवाली माझ्यापाशी आली. माझ्या हातात जॅकचा दांडा होता. गाडी समतल होती, दांड्याचं काही काम नव्हतं, पण तो मी धरून ठेवला होता.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ती म्हणाली.

"विचारा की."

तिने मेंढरंवाल्याकडे पाहिलं, मग खाली मातीकडे पाहिलं. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "असं उभ्या उभ्या नाही. पुढच्या वेळी बसायला असेल का?"

"नाही," मी म्हटलं. "आता हे असंच राहणार."

"बरं," ती म्हणाली, आणि टपाल कार्यालयाच्या मागून गेली. मी ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होतो, आणि दांड्याला तेल लागलंय म्हणून हात पुसत होतो. केबिनमध्ये दोन सीटा आहेत. एक माझी, एक सिस्टरची, डॉक्टरीणबाई मागे बसतात, आणि थांब्यावर असताना दोन्ही सीटा रिकाम्या असतात. माझ्या सीटवर तिनेच शिवलेलं कव्हर आहे. दार उघडून म्हणायचं होतं, या, बसा. एवढंच. हे मला त्याच दिवशी परतताना पुलावर सुचलं, आणि मग रोज सुचत राहिलं.

त्या यंत्राला मी नावं ठेवणार नाही. त्याच दिवशी मेंढरंवाल्याच्या फुप्फुसावर डाग दिसला, थुंकी तपासायला नेली, आणि आठवड्याच्या आत क्षयाचं निदान झालं. यंत्र नसतं तर तो खोकत खोकत मेला असता आणि आणखी चार जणांना घेऊन गेला असता. यंत्राला जागा हवीच होती. फक्त ती जागा मी कुणाची दिली, हा माझा आणि माझा प्रश्न आहे.

पुढच्या फेरीला शिवणवाली आली नाही. दहा चाळीसला दुसराच माणूस आला. डेपोत परतल्यावर मी खण पुसायचं निमित्त काढून डॉक्टरीणबाईंच्या आजूबाजूला घुटमळलो आणि सहज आठवल्यासारखं करून विचारलं, त्या ब्लडप्रेशरच्या बाई आल्या नाहीत, गोळ्या संपल्या असतील.

डॉक्टरीणबाईंनी नोंद काढून पाहिली. "त्यांच्या गोळ्या कधीच बंद झाल्यात, काका. सव्वा वर्ष झालं. प्रेशर अगदी छान आहे. मी त्यांना सांगितलं होतं की सहा महिन्यांनी एकदा या. पण त्या दर वेळी यायच्या, मी पट्टा बांधायचे, नॉर्मल लिहायचे." त्यांनी नोंद परत ठेवली. "मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. सव्वा वर्ष म्हणजे बत्तीस-तेहेतीस फेऱ्या. ती बाई बत्तीस वेळा काहीही होत नसताना दवाखान्यात आली होती. आणि आता वेळापत्रकाने तिला सहा महिन्यांनंतरची चिठ्ठी दिली होती. वेळापत्रक कुणी आखलं होतं ते मी सांगितलंच आहे.

ते दोन आठवडे मी कसे काढले ते विचारू नका. रविवारी ताईने विचारलं, जेवलास का, आणि मी म्हटलं, नाही. तिला या उत्तराची सवय नव्हती. मग म्हणाली, काय झालं रे? मी म्हटलं, काही नाही, ताई, एकटं वाटतंय. इतक्या वर्षांत हे मी तिला प्रथमच सांगितलं. ती रडायला लागली आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागली. फोन चाळीस मिनिटं चालला.

मंगळवारी गाडीचं वजन झालं, चिठ्ठी मिळाली, आणि फाटकाबाहेर पडण्याआधी मी गाडी गोदामाशी थांबवून दोन खुर्च्या आत टाकल्या. सहा किलो. एकोणीस वर्षांत चिठ्ठीला फसवण्याची ही पहिलीच वेळ. म्हटलं, शिवणवालीची चिठ्ठी सहा महिन्यांनंतरची असली म्हणून काय झालं, ती चिठ्ठीने थोडीच यायची. मेंढरंवाल्याला रस्ता माहीत असेल. त्याच्याबरोबर निरोप देईन, की बसायला आहे, या. नाहीतर डॉक्टरांची परवानगी काढून स्वतः चालत जाईन आणि विचारेन, काय विचारायचं होतं तुम्हाला.

बुधवारी पुलाच्या अलीकडे मात्र माझा धीर सुटला. गाडी उभी केली आणि दोघींना सांगून टाकलं की आपण सहा किलो जास्त आहोत आणि ते माझ्यामुळे. डॉक्टरीणबाईंनी मागे वळून खुर्च्या पाहिल्या. सिस्टर दार उघडून खाली उतरली.

"चला डॉक्टर, आपण चालत जाऊ. हे एवढंच होतं तर दर वेळी उतरलो असतो की," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे बघून, अगदी हळू, "दादा, मी त्या दिवशी बोलायला नको होतं."

दोघी पुलावरून चालत गेल्या आणि मी मागून गाडी घेऊन गेलो. दोघींचं मिळून सव्वाशे किलोच्या वर भरतं. ताडपत्री, पिंप आणि आठच्या आठ खुर्च्या दर वेळी पूल ओलांडून येऊ शकल्या असत्या. पूल एकशे दहा पावलांचा आहे. मी पलीकडे पोचेपर्यंत हाच एक हिशोब करत होतो.

थांब्यावर मी जॅक लावले आणि दोन खुर्च्या गाडीच्या सावलीत मांडल्या. दहा वाजले, साडेदहा वाजले. पहारेकरी दाखवून गेला, खुर्चीकडे बघून गेला, बसला नाही. मी उभाच होतो. अकराला मेंढरंवाला आला, तोंडाला मास्क लावून. औषधं सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते, चेहऱ्यावर थोडी कळा आली होती. वारा पाहून तो माझ्यापासून जरा लांब बसला, म्हणजे खुर्ची सरकवून बसला. ती तिची खुर्ची होती, माझ्या मनाशी मी ठरवलेली, आणि मला त्याला उठवावंसं वाटलं. आजारी माणसाला उठवावंसं वाटलं, याची आता लाज वाटते.

मी त्याला विचारलं की शिवणवाली बाईंचं घर कुठे आलं.

"कोण, ती? ती गेली की," तो म्हणाला. "इथून तीन तासांची वाट आहे तिच्या घरापर्यंत. आता कुलूप आहे."

तीन तास येताना, तीन तास जाताना. मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, असेल इथेच कुठे टेकाडामागे.

"केव्हा गेली?"

"तुमची ती मागच्याच्या मागची फेरी झाली ना, माझा फोटो काढला तेव्हाची, तिच्या दुसऱ्या दिवशी. भाचा गाडी घेऊन आला होता. मला बोलावलं सामान उचलायला. शिवणाचं मशीन फार जड होतं, आम्ही दोघांनी कसंबसं चढवलं."

मी विचारलं, कुठे गेली. त्याने लांबच्या कुठल्या तरी शहराचं नाव सांगायचा प्रयत्न केला, पण ते त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं. खूप लांब आहे, म्हणाला, दोन दिवस लागतात. फोन तिच्याकडे नव्हता. आमच्या नोंदीत फोनच्या रकान्यात या मेंढरंवाल्याचाच नंबर होता.

तो थोडा खोकला, मास्क नीट केला. मग काहीतरी आठवून म्हणाला, "भाचा तुमच्यावर जरा नाराज होता म्हणा, किंवा खूश होता म्हणा. तो खरं तर आठवडाभर आधीच आला होता तिला न्यायला. पण तिने त्याला थांबवून ठेवलं. म्हणाली, बुधवारी गाडीवाल्यांना विचारते, मग काय ते सांगते. बुधवारी परत गेली आणि म्हणाली, चल."

मी दुसऱ्या खुर्चीवर टेकलो.

"तुम्ही काय सांगितलंत तिला?" त्याने विचारलं. "मी इथेच उभा होतो, पण मला काही नीट कळलं नाही."

"काही सांगितलं नाही. तिने विचारलंच नाही."

"आणि विचारलं असतं तर?"

"जाऊ नका म्हणून सांगितलं असतं," मी म्हटलं. "इथेच राहा म्हणून. मला तुमच्याशिवाय करमत नाही म्हणून."

इतके दिवस तयार ठेवलेले शब्द होते ते. एकदम बाहेर आले, एकही चुकला नाही. मेंढरंवाला माझ्याकडे बघत राहिला. मास्कमुळे त्याचं तोंड दिसत नव्हतं, डोळे तेवढे दिसत होते, आणि त्यांत थट्टा नव्हती.

"हे मला सांगून काय उपयोग?" तो म्हणाला. मग आतून सिस्टरने त्याचा नंबर पुकारला आणि तो उठून गेला.